गयासचाचांनी सोडलेली चकाकी

आमच्या कारखान्यात कुणी नवं माणूस कामाला लागलं की गयासचाचा त्याला पहिल्याच दिवशी आपल्या लेथपाशी बोलवायचे. कापडात गुंडाळून ठेवलेला एक पोलादी दांडा काढायचे, त्याच्यापुढं धरायचे आणि म्हणायचे, "बघ, भांग वाकडा झालाय. नीट करून घे." त्या दांड्यात खरोखर तोंड दिसायचं. मी १९७९ साली लागले तेव्हा मलाही त्यांनी तो दाखवला होता. "टिकली जरा डावीकडं सरकलीय बेटी," म्हणाले. मी हसले आणि टिकली नीट लावली.

चाचांचा जन्म औरंगाबादच्या शहागंजातला. १९४८ साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि सिकंदराबादच्या रेल्वे वर्कशॉपात टर्नरचं, म्हणजे लेथवर कातायचं काम शिकून तयार झाले होते. मागं औरंगाबादेत त्यांची आई एकटी होती. त्या दिवसांत घरची माणसं कुठं कुठं पांगली होती. हे मात्र इंजिनांचं काम सोडून आईसाठी परत आले. शहागंजात एका गाळ्यात जुना लेथ टाकला. जिनिंगचे रोलर, मोटेच्या जागी आलेल्या तेलाच्या इंजिनांचे दांडे, पिठाच्या गिरण्यांचे खुंट, असलं काम तिथं यायचं. पंचवीस वर्षं त्यांनी ते केलं. कन्नडपासून जालन्यापर्यंतचे गिरणीवाले त्यांच्याकडं यायचे, कारण त्यांचा दांडा बेअरिंगात बसला की आवाज करत नसे. "आवाज येतोय म्हणजे कुठंतरी खरखर राहिलीय," असं ते म्हणत. खरखर म्हणजे त्यांच्या लेखी आळस.

चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली आणि काकासाहेबांनी तिथं छोटा कारखाना काढला, तेव्हा त्यांनी चाचांना गाळ्यातून उचलून आणलं. काकासाहेब मूळचे वैजापूरकडचे, इंजिनिअर होऊन बंगळूरला दहा वर्षं निर्वात नळ्यांचं काम करून आलेले. त्यांच्या कारखान्यात एकच वस्तू बनायची. ती होती कॅथोड. टेलिफोनचे आणि दूरदर्शनचे संदेश डोंगरावरच्या मनोऱ्यांवरून पुढं पाठवणाऱ्या मोठ्या नळ्या असतात, त्यांच्या पोटातला हा तुकडा. शर्टाच्या बटणाएवढा. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात, आणि नळीचं सगळं काम त्या इलेक्ट्रॉनांवर चालतं.

हे बटण टंगस्टनच्या भुकटीचं. भुकटी साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची. कण एकमेकांना चिकटतात, पण मधल्या फटी तशाच राहतात, म्हणजे सगळं बटण आतून सच्छिद्र. त्या छिद्रांत शेवटी बेरियमचा क्षार भरतात. कॅथोड लाल-पिवळा तापला की बेरियम छिद्रांतून हळूहळू वर येतं, वरच्या सपाट तोंडावर पसरतं आणि त्याच्यामुळं इलेक्ट्रॉन सहज सुटतात. छिद्रं फार मोठी असली तर बेरियम भराभरा उडून जातं. बंद असली तर ती जागा उपाशी राहते. सगळीकडं सारखी छिद्रं ठेवणं, एवढंच आमचं काम होतं आणि ते आम्हाला जमत नव्हतं.

१९८१ च्या उन्हाळ्यात बंगळूरहून पत्र आलं. आमचे कॅथोड आठशे-नऊशे तासांत बंद पडत होते. त्यांना दहा हजार तास हवे होते. शिवाय तोंडावरून इलेक्ट्रॉन सारखे निघत नव्हते, कुठं जास्त, कुठं नाहीच. काकासाहेबांनी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "दोष भुकटीत आहे. बारीक-जाड कण मिसळून येतायत."

भुकटी गाळायचं आणि दाबायचं काम सांडूकडं होतं. सांडू फर्दापूरचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्यानं पुढचे तीन महिने भुकटीवर काढले. उंच काचेच्या नळकांड्यांत पाणी भरून त्यात भुकटी सोडायची. जाड कण आधी तळाला बसतात, बारीक मागून. ठरावीक मिनिटांनी पाणी ओतून घ्यायचं. असं करत त्यानं एकाच मापाचे कण वेगळे काढले. हात पाण्यात राहून पांढरे पडायचे. कॅथोड तरीही हजार तासांच्या पुढं गेले नाहीत.

मी तपासणीच्या खोलीत होते. अजिंठ्याच्या शाळेतून निघून शहरात पदार्थविज्ञान शिकलेली बाई म्हणून काकासाहेबांनी मला तिथं बसवलं होतं. कॅथोड हवा काढून घेतलेल्या काचेच्या घंटेत ठेवून तापवायचा. समोरच्या पडद्यावर त्याच्या तोंडाचं हिरवट चित्र उमटतं. जिथून इलेक्ट्रॉन निघतात तिथं उजेड, जिथून नाही तिथं अंधार. प्रत्येक चित्र मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं उतरवून ठेवायची. ऑगस्टपर्यंत असे चाळीसेक कागद झाले.

एका दुपारी मी ते सगळे कागद टेबलावर मांडून बसले होते. भुकटीत दोष असेल तर अंधाराचे ठिपके कसेही विखुरलेले दिसायला हवेत. माझ्या कागदांवर ते विखुरलेले नव्हते. ते वर्तुळात होते. कुठं पूर्ण कडं, कुठं अर्धं, पण मध्य एकच. मी बराच वेळ बघत राहिले. बटणाला मध्याभोवती फिरवणारी कारखान्यात एकच जागा होती. चाचांचा लेथ.

सच्छिद्र टंगस्टनवर तसंच हत्यार लावलं तर कडा ढासळतात. म्हणून आधी छिद्रांत तांबं वितळवून भरत. तांब्यानं आधार दिला की चाचा बटण मापात कातत. मग आम्लात घालून आणि भट्टीत तापवून तांबं काढून टाकत. कातून झाल्यावर चाचा बारीक पॉलिश कागद फिरवत, त्यावरून चामड्याची पट्टी. बटण आरशासारखं व्हायचं. काकासाहेबांच्या आराखड्यावरही लिहिलेलं होतं, तोंड गुळगुळीत हवं.

खात्री करायला मी सांडूला एक बटण मागितलं. न कातलेलं, साच्यातून निघून भाजलेलं, बस्स. ते तसंच खडबडीत, थोडं मोठं, बेरियम भरून घंटेत ठेवलं. पडद्यावर चित्र आलं ते काठापासून काठापर्यंत सारखं हिरवं होतं.

काकासाहेबांकडं जायच्या आधी मी चाचांकडं गेले. ते लेथ पुसत होते. कसं सांगावं कळेना, म्हणून सरळ बोलले.

"चाचा, तोंडावरची छिद्रं कातताना बंद होतायत. तांब्यावरून टंगस्टनचा पातळ थर सरकतो, आणि पॉलिशनं तो पक्का बसतो. तांबं निघून जातं, झाकण तसंच राहतं."

त्यांनी चिंधी खाली ठेवली. "म्हंजे माझं काम खराब हाय?"

"काम चांगलं आहे चाचा. म्हणूनच—"

"चांगल्या कामानं चीज बिघडती? लई शिकलीस बेटी." एवढं बोलून ते वळले आणि लेथ सुरू केला. बसवलेलं काही नव्हतं, नुसताच फिरवला.

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही काकासाहेबांकडं जायचं लांबवलं. सकाळी मी सलाम केला की मान हलवायचे आणि नजर हातावर ठेवायचे. त्या तीन दिवसांत मला एकदाही वाटलं नाही की आपण बरोबर आहोत याचा आनंद व्हावा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याच्या हाताचं सगळ्या जिल्ह्यात नाव आहे, त्याला मी सांगितलं होतं की तुमच्या हातानंच वस्तू मरतेय.

चौथ्या दिवशी, शनिवारी, काकासाहेबांनी सांडूला बोलावून सांगितलं की सोमवारपासून त्यानं येऊ नये. भुकटीच्या कामाला पुण्याहून माणूस आणतोय. ते चिडके नव्हते; थकले होते, आणि बंगळूरचं काम हातचं जायच्या बेतात होतं.  सांडूनं आपली काचेची नळकांडी धुतली, उलटी करून फडक्यावर ठेवली आणि डबा उचलला.

मी कागद घेऊन काकासाहेबांच्या खोलीकडं निघाले होते. व्हरांड्यात चाचा आडवे आले.

"थांब. मला दाखव आधी. काय दिसतंय ते माझ्या डोळ्यानं बघू दे."

मी त्यांना तपासणीच्या खोलीत नेलं, पडदे ओढले. मागच्या आठवड्यात त्यांनी केलेला कॅथोड घंटेत होता. तापायला वीस मिनिटं लागली. चाचा स्टुलावर हात गुडघ्यांत घेऊन बसले होते. पडद्यावर हळूहळू हिरवा उजेड आला आणि त्यात काळी कडी उमटली. बाहेरच्या बाजूला एक बारीक, मध्यापाशी एक जाड.

ते पुढं वाकले. चष्मा वर केला, परत खाली घेतला. मध्याजवळच्या जाड कड्यावर बोट धरलं. "हितं माझा हात थांबला होता," ते म्हणाले. "त्या दिवशी. बन्सी चहाला विचारत होता. मी हां म्हणलो अन् मग फुडं गेलो. तेवढ्यात हत्यार घासलं ते हेच."

मग मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दोन तुकडे दाखवले. न कातलेला, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा. आणि त्यांचा, लिंपलेल्या भिंतीसारखा. ते दोन्ही पुन्हा पुन्हा बघत राहिले. शेवटी उठले, टोपी डोक्यावर नीट केली आणि काकासाहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागं होते.

"साहेब, सांडूला पाठवू नका. त्याची भुकटी बराबर हाय. गलती माझ्या हाताची हाय."

काकासाहेबांना आधी कळलंच नाही. मी कागद मांडले. त्यांनी ते एकेक करून पाहिले, न कातलेल्या बटणाचं चित्र पाहिलं, मग कपाटातून आराखडा काढला आणि त्यावर आपलं अक्षर वाचलं. "गुळगुळीत हे मी लिहिलंय गयासभाई," ते म्हणाले. "तुमच्या हाताला दोष देऊ नका."

"तुमी लिहिलं, पण चमक मला आवडत होती ना साहेब. तुमी नसतं लिहिलं तरी मी केली असती."

कारखान्यातली वरकामं करणारा बन्सी सायकल काढून सांडूमागं गेला आणि सिडको बसस्टँडवरून त्याला परत घेऊन आला. फर्दापूरची गाडी लागली नव्हती म्हणून तो सापडला. काकासाहेबांनी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. सांडूनं नळकांडी सरळ केली आणि पाणी भरलं.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. चकाकी येऊ न देता कातणं हे चाचांनी आयुष्यात केलं नव्हतं. डोक्याला कळलं होतं, हाताला कळत नव्हतं. बटण मापात आलं की त्यांचा उजवा हात आपोआप पॉलिशच्या कागदाकडं जायचा. दोनदा तसं झालं, तेव्हा त्यांनी कागद, चामड्याची पट्टी आणि पॉलिशची डबी एका पिशवीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. मी मागितली तरी देऊ नक्को."

एकदा मागितली. मी दिली नाही. ते आपल्या लेथकडं परत गेले.

पहिली तीसेक बटणं वाया गेली. हत्याराची धार जरा उतरली की ते कापायचं सोडून चेपायला लागतं, आणि चेपलं की छिद्र बंद. चाचांच्या लक्षात आलं की एक धार चारच बटणांना पुरते. पाचव्याला ती डोळ्याला चांगली दिसते, पण चेपते. मग ते चार बटणांनंतर, कितीही चांगली दिसो, धार नव्यानं लावायला लागले. शेवटचा काप एकदाच, केसाएवढा, आणि एकदा सुरू केला की हात थांबवायचा नाही, परत मागं फिरायचं नाही. त्या वेळी कुणी हाक मारली तर ते ऐकत नसत. बन्सीनं लेथच्या बाजूला लाल चिंधी बांधली. ती दिसली की जवळ जायचं नाही.

प्रत्येक बटण कसं झालंय हे माझ्या पडद्यावर कळायला आठवडा जायचा, कारण मध्ये तांबं काढायचं, बेरियम भरायचं. एवढं थांबणं त्यांना जड जायचं. एक दिवस ते तांबं काढलेलं बटण आणि स्पिरिटची बाटली घेऊन माझ्याकडं आले. काडीनं एक थेंब बटणावर सोडला.

"बघ आता."

थेंब आत शिरला. पण मध्याभोवती एका कड्यावर ओल चमकत राहिली आणि तिथंच हवेत वाळून गेली. त्यांनी दुसरं बटण ठेवलं. त्यावर थेंब सगळीकडून एकदम आत गेला, तोंड क्षणभर काळसर झालं आणि परत राखाडी.

"पैलं खराब, दुसरं चांगलं. खरं का खोटं, तू तुझ्या पडद्यावर बघून सांग."

आठवड्यानं मी बघितलं. खरं होतं. त्यानंतर शंभर बटणांवर आम्ही दोन्ही तपासण्या लावून पाहिल्या. चाचांचा थेंब सहा वेळा चुकला. काकासाहेबांनी कामाच्या पद्धतीच्या वहीत तो थेंब लिहून घेतला आणि आराखड्यावरचा 'गुळगुळीत' शब्द खोडून 'उघडं' असा शब्द लिहिला.

नवे कॅथोड दिसायला काहीच नव्हते. मळकट, राखाडी, जस्ताच्या जुन्या बादलीच्या रंगाचे. पहिला संच बंगळूरला जायचा होता तेव्हा चाचांनी ते डबीत ओळीनं लावलेले पाहिले आणि तोंड फिरवलं. "आसलं काम गाळ्यात कुणाला दिलं असतं तर गिऱ्हाईक परत आलं नसतं," म्हणाले. मी म्हटलं, "बंगळूरवाले परत येतील." ते म्हणाले, "यावं लागंल. त्यांनी आमची इतकी वर्षांची आदत मोडलीय."

त्याच संचातला एक कॅथोड आम्ही आमच्याकडं नळीत बसवून किती तास टिकतो ते पाहायला चाचणीला लावला. मार्च १९८२. नळीशेजारी तास मोजणारा मीटर. वीज गेली की तो थांबायचा, आली की पुढं चालायचा. चाचा शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून आले की आधी माझ्या खोलीत डोकवायचे, आकडा बघायचे आणि कामाला जायचे. नऊशेला त्यांनी विचारलं, "चालू हाय?" दोन हजारला काही विचारलं नाही. पाच हजारला पेढे आणले, तेही कुणी विचारलं तर "नातवाचे" म्हणून सांगितलं. त्यांना तेव्हा नातू नव्हता. दहा हजार व्हायला सतरा महिने लागले. त्या दिवशी काकासाहेब, सांडू, बन्सी, सगळे माझ्या छोट्या खोलीत दाटीवाटीनं उभे होते आणि मीटरवरचा आकडा फिरताना बघत होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. चाचांनी सांडूच्या खांद्यावर हात ठेवला होता, एवढं आठवतं.

१९८६ ला ते निवृत्त झाले. डोळे अधू झाले होते. केसाएवढा काप आता दिसत नव्हता. शेवटचं सगळं वर्ष त्यांनी सांडूला लेथवर शिकवण्यात घातलं. सांडूचा हात जड होता, पण एक गोष्ट त्याच्या बाजूनं होती, असं चाचा मला सांगायचे: "याला चमकवायची सवय नाय. याला काही विसरायचं नाय. मला आर्ध्या वर्षात जे जमलं, ते याला म्हयन्यात जमलं." हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं की बरं, हे मला कधी कळलं नाही. दोन्ही असावं.

चाचणीची नळी चौतीस हजार तासांच्या पुढं गेली आणि एके दिवशी बंद पडली. उघडून पाहिली तर कॅथोड चांगला होता. आतली तापवणारी तार तुटली होती. मी तो कॅथोड डबीत घातला आणि रविवारी पुंडलिकनगरहून रिक्षा करून चाचांच्या घरी गेले.

ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी डबी हातात दिली. त्यांनी भिंग मागवलं, उन्हाकडं तोंड केलं आणि बटण फिरवत राहिले. छिद्रं सगळी उघडी होती. बेरियम वर्षानुवर्षं वर येऊन उडालं होतं, तोंड किंचित खाली बसलं होतं.

"किती चालला म्हणतेस?"

"चौतीस हजार. तार तुटली नसती तर अजून चालला असता."

"शेवटी तर खपणारच ना पण? आतलं संपणारच."

"संपणार. सगळं एकदम संपेल मात्र. आधी अर्ध्या जागा बंद असायच्या, म्हणून तेवढंच काम काढायला उरलेल्या जास्त तापवाव्या लागायच्या. त्या बिचाऱ्या लवकर जायच्या."

ते म्हणाले, "सांडूवर तसंच येत होतं त्या वेळी. चूक माझी अन् ताप त्याला." आणि त्यांनी बटण तळहातावर ठेवलं. 

अख्तरीचाची चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी चाचांच्या तळहातावरचं ते राखाडी बटण पाहिलं आणि मला विचारलं, "हेच का ते? याच्यापायी हे सा म्हयने घरात कुणाशी बोलत नव्हते?"

"हेच," मी म्हटलं.

त्यांनी ते उचललं, उलटसुलट केलं, पदराच्या टोकानं पुसायला लागल्या. चाचा खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, पुसू नक्को! पुसू नक्को!"

चाचींनी दचकून बटण त्यांच्या हातात टाकलं, आणि मग आम्ही तिघंही हसत राहिलो, चहा निवेपर्यंत.